हिरवा बीम ओघळतो: लिथियम नायोबेट, मॅग्नेशियम आणि पाच टक्क्यांची भानगड

तिसरा मजला (धागाकर्ता) · सोमवार, २१:४०

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे. पण इथे लेझरवाले आणि क्रिस्टलवाले दोघंही दबा धरून बसलेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून धाडस करतोय.

आमच्याकडे १०६४ नॅनोमीटरच्या लेझरपासून ५३२ चा हिरवा काढायचा सेटअप आहे. क्रिस्टल साधा, म्हणजे काहीही डोप न केलेला (मुद्दाम दुसरं द्रव्य न मिसळलेला) लिथियम नायोबेट. पोलिंग केलेला (आतल्या ध्रुवीकरणाची दिशा ठरावीक अंतराने उलटवलेला), लांबी १० मिलिमीटर, ओव्हन ६० अंशांवर. लेझर सुरू केला की पहिली काही मिनिटं झकास. भिंतीवर गोल ठिपका, पॉवर मीटरचा काटा हलत नाही. मग ठिपका ओघळायला लागतो, तोही एकाच दिशेने, क्रिस्टलच्या सी-अक्षाला (ध्रुवीकरणाच्या अक्षाला) धरून. कडेला फराटे येतात आणि पॉवर निम्म्यावर. लेझर बंद करून रात्रभर ठेवला तरी सकाळी तीच रड. मायक्रोस्कोपखाली बघावं तर ना तडा, ना डाग. दोनशे अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड केला की नव्यासारखा होतो, आणि काही मिनिटांत पुन्हा मूळपदावर.

विक्रेता म्हणतो ५ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइडवाला घ्या. भाव अर्थातच चढा. मॅग्नेशियमने नक्की होतं काय? आणि पाचच टक्के का? एक-दोन टाकून भागत नाही? गाईडना पटेल असं उत्तर हवंय, नुसतं 'सगळे तेच वापरतात' नको.

काटकोन · सोमवार, २२:०२

ओव्हन १८० ला न्या, विषय संपला. साधेच क्रिस्टल गरम ठेवून वर्षानुवर्षं चालवलेत आम्ही. विक्रेत्याला काय, महागातला माल खपवायचाच असतो.

तिसरा मजला · सोमवार, २२:१०

काटकोन, पोलिंगचा पिरियड ६० अंशांसाठी बनवलाय. १८० ला फेज मॅचिंग (१०६४ आणि ५३२ च्या लाटांचा ताळमेळ) कुठल्या कुठे जाईल.

काटकोन · सोमवार, २२:१४

मग १८० साठी बनवलेला घ्या की. साधाच. तरीही स्वस्त पडेल.

पॉकेल्स · सोमवार, २३:०५

काटकोन म्हणतात ते चालतं, पण का चालतं ते कळलं तर मॅग्नेशियमचंही कोडं सुटेल. जरा मुळापासून घेतो.

तुमचा क्रिस्टल जळालेला नाही. जळाला असता तर मायक्रोस्कोपखाली खड्डा दिसला असता, आणि तापवून काही तो भरून निघाला नसता. तुम्हाला जे दिसतंय त्याला ऑप्टिकल डॅमेज किंवा फोटोरिफ्रॅक्टिव्ह परिणाम म्हणतात, आणि ते १९६६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. अश्किन, बॉइड, नासाऊ वगैरे मंडळी. हे तेच आर्थर अश्किन, ज्यांना पुढे २०१८ मध्ये ऑप्टिकल ट्वीझरसाठी वयाच्या ९६व्या वर्षी नोबेल मिळालं. त्या वेळी लिथियम नायोबेटकडून सगळ्यांच्या मोठ्या आशा होत्या. निबंधात त्यांनी लिहिलंय की प्रकार तसा कुतूहलाचा आहे, पण या क्रिस्टलवर उभ्या राहणाऱ्या उपकरणांना भलताच घातक आहे.

होतं असं. कितीही शुद्ध कच्चा माल घ्या, क्रिस्टलमध्ये लोखंडाचा अंश राहतोच, दशलक्षात काही भाग. हिरवा प्रकाश फेरस आयनावरचा (लोखंड, प्रभार दोन) इलेक्ट्रॉन सोडवतो. या क्रिस्टलच्या रचनेत सी-अक्षाची वरची आणि खालची बाजू सारखी नाही. त्यामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखे न जाता एकीकडे जास्त जातात. बाहेरून एक व्होल्टही न लावता आतल्या आत करंट वाहतो! ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हा करंट नीट दाखवून दिला. पुढे जाऊन तो इलेक्ट्रॉन एखाद्या फेरिक आयनावर (लोखंड, प्रभार तीन) अडकतो. बीमच्या आत अडकला तर प्रकाश त्याला पुन्हा सोडवतो, पण बीमच्या कडेबाहेर अडकला की तिथेच बसतो. असं होता होता ठिपक्याच्या एका कडेला ऋण प्रभार साठतो, दुसऱ्या कडेला धन, आणि मधे विद्युतक्षेत्र तयार होतं. या क्रिस्टलमध्ये क्षेत्र आलं की अपवर्तनांक बदललाच. (यालाच पॉकेल्स परिणाम म्हणतात. माझा आयडी ज्यांच्या नावावरून घेतलाय त्यांची कृपा.)

आता आकडे घाला. अपवर्तनांक २.२, त्याचा घन १०.६, इलेक्ट्रो-ऑप्टिक गुणांक साधारण ३१ पिकोमीटर प्रति व्होल्ट. सेंटिमीटरला १० हजार व्होल्टचं क्षेत्र साठलं, आणि या क्रिस्टलसाठी ते काही फार नाही, तर अपवर्तनांकात बदल येतो लाखात सोळा. तुमच्या १० मिलिमीटर लांबीला फेज मॅचिंगमध्ये खपणारी चूक आहे लाखात अडीच-तीन. पॉवर निम्मी तरी कशी उरते याचंच नवल करा.

शेंगदाणा · सोमवार, २३:२२

वाचनखूण साठवली. बाळबोध प्रश्न: लोखंडच काढून टाकलं तर?

खडीसाखर · मंगळवार, ०७:५०

इंदूरहून नमस्कार. आता क्रिस्टल ओढणाऱ्या बाईची बाजू ऐका.

शेंगदाणा, लोखंड कमी केलं की त्रास कमी होतो, पण जात नाही. आणि त्यापायी कच्च्या मालाचा खर्च असा वाढतो की मॅग्नेशियम फुकट वाटावं. खरी मेख लोखंडात नाही, जागांच्या वाटपात आहे.

लिथियम नायोबेट या नावावरून वाटतं की एक लिथियम, एक नायोबियम, हिशेब चोख. प्रत्यक्षात बाजारातला बहुतेक क्रिस्टल तसा नसतो. साधारण १२५० अंशांना वितळलेल्या रसातून, प्लॅटिनमच्या मुशीतून, चोक्राल्स्की पद्धतीने तो ओढतात. मुशीत लिथियम ऑक्साइड ५० मोल टक्के घेतलं तर क्रिस्टल लिथियम कमी उचलतो, रसात ते साठत जातं आणि वरचं टोक एका रचनेचं, खालचं दुसऱ्या असं होतं. ४८.४-४८.५ टक्क्यांवर मात्र रस आणि क्रिस्टल यांची रचना सारखी राहते. म्हणून सगळे तिथेच ओढतात. त्यालाच कॉन्ग्रुअंट म्हणतात.

या सोयीची किंमत मोजावी लागते. १०० नायोबियममागे लिथियम भरतात ९४ च्या आसपास. हिशेब मांडलात तर लिथियमच्या दर शंभर जागांपैकी एका जागेवर नायोबियम घुसून बसलेला निघतो आणि चारेक जागा रिकाम्या. नायोबियमचा प्रभार पाच, लिथियमचा एक. जास्तीच्या चार प्रभारांची भरपाई चार रिकाम्या जागा करतात.

मॅग्नेशियम येतं ते लिथियमच्या जागेवर आणि या घुसलेल्या नायोबियमला उठवतं. तो उठेपर्यंत लोखंडही लिथियमच्याच जागेवर असतं, आणि तिथला फेरिक आयन इलेक्ट्रॉन पकडण्यात पटाईत. घुसखोर नायोबियम संपला की मॅग्नेशियम नायोबियमच्या जागांवरही जाऊ लागतं आणि त्याच्याबरोबर फेरिकसुद्धा तिकडे सरकतो. नव्या जागेवर त्याची पकड कित्येक पटींनी ढिली होते.

म्हणून एक-दोन टक्क्यांनी भागत नाही. कॉन्ग्रुअंट क्रिस्टलमध्ये हा पालट पाचाच्या जरा अलीकडे होतो आणि एकदम होतो. तीन टक्के टाकून साठ टक्के फायदा असला हप्त्यांचा व्यवहार इथे नाही.

पॉकेल्स · मंगळवार, ०९:१५

दंडवत, ताई. यात एक भर घालतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मॅग्नेशियम घातल्यावर तो आतला करंट बंद पडतो असं वाटतं. नाही पडत. तो जवळपास तेवढाच राहतो. वाढते ती उजेडातली वाहकता, आणि तीही शंभरेक पटीने. नळ तसाच वाहतोय, फक्त न्हाणीघराची तुंबलेली मोरी मोकळी झाली. पाणी साठणार कुठे?

साठणारं क्षेत्र म्हणजे करंट भागिले वाहकता. खालचा आकडा शंभरपट झाला की क्षेत्र शंभरावा भाग.

आता काटकोन यांचा ओव्हन. तापवल्यावर क्रिस्टलमधले प्रोटॉन हलायला लागतात आणि साठलेला प्रभार भरून काढतात. म्हणजे तीही मोरीच, फक्त उष्णतेवर चालणारी. दोघांचं भांडण नाहीच.

काटकोन · मंगळवार, ०९:४०

हेच म्हणत होतो. धन्यवाद. तरी 'शंभरपट' वगैरे ऐकलं की माझे कान टवकारतात. कोणी मोजलं? कुठल्या तीव्रतेला?

पॉकेल्स · मंगळवार, १०:०५

रास्त प्रश्न. पहिली नोंद चिनी संशोधकांची, १९८०. झाँग जीगुओ आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियमचं प्रमाण बदलत मोजमाप केलं आणि साडेचारच्या वर गेलं की डॅमेज एकदम घटतं असं दाखवलं. ते एका परिषदेत मांडलं गेलं आणि बाहेर फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत ब्रायन, गर्सन आणि टोमाश्के यांनी शंभरपट सुधारणा छापली आणि कारण वाहकतेत आहे हेही सांगितलं. तेव्हापासून सगळे त्यांचाच दाखला देतात. चिनी निबंधाचा उल्लेख असला तर तळटीपेत. असो.

तीव्रतेबद्दल तुमची शंका खरी आहे. बीम किती फोकस केलाय, रंग कुठला, किती वेळ ठेवला यावर आकडा हलतो. दोन निबंधांतले डॅमेज सुरू होण्याचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. एकाच टेबलावर, एकाच लेन्सने दोन क्रिस्टल बघितले तरच त्याला अर्थ.

अवांतरराव · मंगळवार, १३:३०

अवांतर: तुम्ही ज्याला रोग म्हणताय त्यावर काहींनी संसार थाटले. १९६८ मध्ये बेल लॅब्जच्याच चेन आणि मंडळींनी याच परिणामातून क्रिस्टलमध्ये होलोग्राम साठवून दाखवले. मग लोक मुद्दाम लोखंड घालू लागले, शतांश टक्का वगैरे, म्हणजे क्रिस्टल जास्त बिघडावा! होलोग्राम टिकावा म्हणून शंभराच्या वर तापवून प्रोटॉनकडून त्याची प्रत काढून घ्यायची युक्तीही १९७१ ची. एक जण मोरी उघडतोय, दुसरा बोळा कोंबतोय. (हलके घ्या.)

त्सुकुबाकर · मंगळवार, १६:४५

इथे जपानात या गोष्टीला दुसरी वाट सापडली, म्हणून लिहितो. ताईंनी सांगितलं की मॅग्नेशियमचं काम घुसखोर नायोबियमला हुसकावणं. मग मुळात घुसखोरच कमी असलेला क्रिस्टल ओढला तर? त्सुकुबाच्या सरकारी पदार्थविज्ञान संस्थेत किटामुरा, फुरुकावा यांनी हेच केलं. मुशीत मूस. आतल्या मुशीतून क्रिस्टल ओढायचा आणि बाहेरच्या भागात पावडर सोडत राहायची, म्हणजे लिथियम जास्त असलेल्या रसाची रचना हलत नाही. असा जवळपास स्टॉइकिओमेट्रिक (लिथियम-नायोबियम एकास एक) क्रिस्टल मिळाला की मॅग्नेशियम एक टक्क्याच्या आसपासही पुरतं.

गंमत म्हणजे मॅग्नेशियम न घालता नुसता स्टॉइकिओमेट्रिक क्रिस्टल घ्याल तर डॅमेजच्या बाबतीत तो उजवा निघेलच असं नाही. दोन्ही मिळूनच काम होतं.

दुसरा फायदा पोलिंगचा. कॉन्ग्रुअंट क्रिस्टलचं ध्रुवीकरण उलटवायला मिलिमीटरला साधारण २१ हजार व्होल्ट लागतात. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून फार जाड वेफर (क्रिस्टलची चकती) पोल करणं जिकिरीचं. स्टॉइकिओमेट्रिकमध्ये किंवा ५ टक्के मॅग्नेशियमवाल्यात ते पाव पटीवर येतं. ओकाझाकीच्या इशिझुकी-ताइरा जोडीने २००५ मध्ये ५ बाय ५ मिलिमीटर तोंडाचा मॅग्नेशियमवाला पोल केलेला क्रिस्टल वापरून दाखवला. साध्या क्रिस्टलमध्ये एवढं तोंड स्वप्नात.

खडीसाखर · मंगळवार, १९:२०

त्सुकुबाकरांशी सहमत, पण दुहेरी मुशीचा खर्च आणि पावडर सोडण्याची कटकट ज्याने केली त्यालाच ठाऊक. आमच्या इंदूरला आरआरकॅटमध्येही (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) डोप केलेल्या आणि स्टॉइकिओमेट्रीच्या जवळ जाणाऱ्या क्रिस्टलवर काम झालंय. प्रयोगशाळेच्या आकाराला ठीक. चार इंची वेफर हवे असतील तर जग अजून कॉन्ग्रुअंट अधिक ५ टक्के यावरच चालतं, आणि मला त्यात वावगं वाटत नाही.

इतर डोपंटही आहेत. जस्त चालतं, पण ६-७ टक्के लागतं. इंडियम आणि स्कँडियम दीड-दोन टक्क्यांत काम करतात, कारण त्यांचा प्रभार तीन. हाफ्नियम चारच्या आसपास, झिर्कोनियम दोनच्या. मला विचाराल तर झिर्कोनियमचं मोठेपण डॅमेजच्या आकड्यात नाही. ते रसात आणि क्रिस्टलमध्ये जवळपास सारख्याच प्रमाणात बसतं, म्हणून वरपासून खालपर्यंत एकसारखा ठोकळा मिळतो. मॅग्नेशियमचं तसं नाही. ओढताना त्याचं प्रमाण सरकत जातं. ठोकळ्याच्या एका टोकाचा वेफर त्या पालटाच्या उंबऱ्याच्या वर आणि दुसऱ्या टोकाचा काठावर, असं होऊ शकतं. लेबल मात्र दोघांवर '५ टक्के'.

काटकोन · मंगळवार, २०:०५

आता कशा बोललात! माझा मुद्दा हाच. लेबलवर विश्वास ठेवून दुप्पट पैसे का मोजायचे? तपासायचं कसं?

खडीसाखर · मंगळवार, २०:३२

सोपं आहे. एफटीआयआर (इन्फ्रारेडचं शोषण मोजणारं यंत्र) कुठल्याही रसायनशास्त्र विभागात असतं. ओढताना हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन आत जातोच आणि ऑक्सिजनला चिकटून ओएच बनतो. साध्या क्रिस्टलमध्ये त्याची शोषणरेषा ३४८४ प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते. मॅग्नेशियम उंबऱ्याच्या वर गेलं की ती उडी मारून ३५३५ च्या आसपास जाते. सरकत सरकत नाही, उडीच. दोन्ही ठिकाणी उंचवटे दिसले तर तुमचा नमुना काठावरचा. क्रिस्टल फोडायला नको, पावडर करायला नको, काही मिनिटांचं काम. वेफरच्या मध्यावर आणि कडेला, दोन्हीकडे मोजा.

शेंगदाणा · मंगळवार, २१:००

पण मग टेलिकॉमचे मॉड्युलेटर? तेही लिथियम नायोबेटचेच ना? त्यांना नाही होत हा त्रास?

पॉकेल्स · मंगळवार, २१:२५

ते १५५० नॅनोमीटरवर चालतात. त्या फोटॉनमध्ये लोखंडावरचा इलेक्ट्रॉन सोडवण्याइतका दम नसतो, म्हणून साधा क्रिस्टल वर्षानुवर्षं मजेत चालतो. त्यांची डोकेदुखी वेगळी, बायस (कामासाठी लावून ठेवलेला व्होल्टेज) सरकण्याची. म्हणून सरसकट सगळ्यांनी मॅग्नेशियम घ्या असं मी म्हणणार नाही. हिरवा किंवा निळा नसेल आणि पॉवर बेताची असेल तर पैसे वाचवा. आता पातळ फिल्मच्या रिंग रेझोनेटरमध्ये प्रकाश इतका दाटीवाटीने कोंडला जातो की तिथे इन्फ्रारेडलाही हा परिणाम पुन्हा डोकं वर काढतो, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

काटकोन · मंगळवार, २२:१०

एक गोष्ट कोणी बोललं नाही. डॅमेज गेलं म्हणजे सगळं आलबेल नव्हे. हिरव्याची पॉवर वाढवली की क्रिस्टल हिरव्याच्या हजेरीत १०६४ जास्त शोषायला लागतो, तापतो, आतल्या आत लेन्स बनते आणि बीम पुन्हा बिघडतो. वरवर दिसायला दोन्ही सारखंच. लोक ओरडतात की मॅग्नेशियम फेल गेलं.

त्सुकुबाकर · बुधवार, ०६:१५

काटकोन, +१. यावर त्सुकुबा आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी मिळून २००१ मध्ये लिहिलंय. हिरव्याने सुटलेला इलेक्ट्रॉन घुसखोर नायोबियमवर जाऊन बसतो, आणि तिथे बसलेला इलेक्ट्रॉन ७६० नॅनोमीटरच्या आजूबाजूला रुंद पट्ट्यात शोषण करतो. त्याचं शेपूट १०६४ पर्यंत पोचतं. म्हणजे इथेही आरोपी तोच. मॅग्नेशियमने घुसखोर काढले की हेही बरंच कमी होतं, शून्य होत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला लेझर क्षणभर बंद करून लगेच कमी पॉवरवर बीम बघायचा. उष्णतेची लेन्स असेल तर ठिपका लगेच गोल होतो. प्रभार साठलेला असेल तर फराटे तसेच राहतात.

तिसरा मजला · बुधवार, १०:५०

सर्वांचे मनापासून आभार. रात्रभर ठेवूनही आमचे फराटे जात नव्हते, म्हणजे प्रभारच. गाईडना काल पॉकेल्स यांचा लाखात सोळावाला हिशेब दाखवला आणि मंजुरी मिळाली. ५ टक्के मॅग्नेशियम, कॉन्ग्रुअंट, ६० अंशांसाठीचा पिरियड. ऑर्डरमध्ये ओएचची शोषणरेषा ३५३५ ला हवी, मध्यावर आणि कडेला, असं लिहून टाकलंय. विक्रेत्याचा फोन आला की ही अट पहिल्यांदाच बघतोय. कबूल केलीय मात्र.

एकच शंका: पुढे यातूनच ३५५ काढायचं झालं तर?

पॉकेल्स · बुधवार, ११:३०

अतिनीलमध्ये मॅग्नेशियमवर भिस्त ठेवू नका. तिथे हिशेब बदलतो. दृश्य प्रकाशात डॅमेज थोपवणारा मॅग्नेशियमवाला क्रिस्टल अतिनीलमध्ये उलट जास्त फोटोरिफ्रॅक्टिव्ह होतो असं नानकाई विद्यापीठाच्या लोकांना दिसलं. झिर्कोनियमवर त्यांनी एवढी मेहनत घेतली त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय ३५५ ला लिथियम नायोबेटची स्वतःची शोषणसीमाच जवळ येते. माझं मत विचाराल तर ३५५ साठी सरळ एलबीओ (लिथियम ट्रायबोरेटचा क्रिस्टल) घ्या.

खडीसाखर · बुधवार, १२:१५

सहमत. आणि तिसरा मजला, नवा क्रिस्टल हातात आला की ओव्हन धाडकन चढवू नका. हा पदार्थ तापमान बदललं की सी-पृष्ठांवर प्रभार आणतो आणि घाई केली तर ठिणगी पडून पोलिंगची वाट लागते. मिनिटाला दोन-तीन अंश पुरे. वरची-खालची सी-पृष्ठं वाहक फॉइलने एकमेकांना जोडून ठेवलीत तर आणखी चांगलं. फक्त फॉइल प्रकाशाच्या तोंडापासून लांब ठेवा, नाहीतर कडेला चिकटलेला कण हिरव्यात जळतो आणि पॉलिश खराब होतं.